छातीसाठी एमआरआय : कधी लागतो, कधी लागत नाही

दम लागतो, खोकला जात नाही, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. महिना-दीड महिना मेडिकलवरून आणलेलं औषध घेऊन झालं की वस्तीत कुणीतरी सांगतंच, "आता एकदा एमआरआय काढून टाका, आतलं सगळं दिसतं." मग बचत गटातून उचल घेतली जाते, नाहीतर कानातलं गहाण पडतं. विहारातल्या आरोग्य शिबिरांत आम्ही हे नेहमी ऐकतो. म्हणून या वेळचं पान याच विषयाला दिलं आहे.

'आतलं सगळं दिसतं' हे मेंदू, मणका, गुडघा यांच्याबाबत बरंचसं खरं आहे. फुप्फुसाबाबत नाही. गंमत अशी, की जिवंत माणसाच्या धडाचा पहिला एमआरआय निघाला तो छातीचाच. ३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डॉ. रेमंड डमॅडियन यांनी आपल्याच एका सहकाऱ्याला यंत्रात ठेवलं आणि एका चित्रासाठी जवळजवळ पाच तास लागले. (२००३ चं नोबेल मात्र पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं. त्यावरून मोठा वाद झाला, तो इथे नको.) आज तेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं, पण फुप्फुस अजूनही या यंत्राला अवघडच जातं.

कारण साधं आहे. एमआरआयमध्ये एक्स-रेचे किरण नसतात. एक जबरदस्त चुंबक आणि रेडिओच्या लहरी, एवढ्यावर ते यंत्र चालतं. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, तो या चुंबकात गेला की बारीक संकेत देतो आणि त्या संकेतांतून चित्र तयार होतं. जिथे पाणी, तिथे चित्र. फुप्फुसात मात्र बहुतेक हवाच भरलेली. शिवाय हवा आणि मांस यांच्या लाखो बारीक सीमारेषांमुळे जो थोडा संकेत मिळतो तोही क्षणात विझतो. त्यात श्वास चालू, शेजारी हृदय धडधडतंय, चित्र हलतं.

परभणी, मानवत, सेलूच्या जिनिंगवर काम केलेल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. मोकळ्या रुईच्या ढिगात हात घातला तर हाताला काही लागत नाही. त्यात सरकी राहून गेली असेल तर ती मात्र बोटांना कळते. एमआरआयचा हात असाच आहे. फुप्फुसात नको ती भर पडली, म्हणजे न्यूमोनियाचा पू, छातीत साचलेलं पाणी, मोठी गाठ, तर ती त्याला सापडते. पण रुईच विरली, फुप्फुसाच्या बारीक पिशव्या फाटून नुसत्या पोकळ्या उरल्या, तर त्याला फारसं कळत नाही. आणि आपल्या घराघरांतला दम बहुतेक या दुसऱ्या जातीचा असतो. वीस-तीस वर्षं चुलीपुढे बसलेली आई, बिडी ओढणारे आजोबा, वीटभट्टीवर राबलेले काका. यांना होतो तो सीओपीडी. त्यासाठी हजारो रुपये मोजून एमआरआय काढला आणि 'विशेष काही नाही' असा कागद हाती आला, तर घरचे म्हणतात आजारच नाही. हे नुकसान पैशांपेक्षा मोठं आहे.

सीओपीडी आणि दमा ओळखायला फुंकायची तपासणी लागते, स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायचं, किती हवा किती वेगाने बाहेर आली ते यंत्र मोजतं. एमआरआयच्या मानाने खर्च किरकोळ. कापसाच्या धुळीचा आजार, बिसिनोसिस, तर सुरुवातीला चित्रात सापडतच नाही. त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, पुढे आठवडाभर जरा बरं वाटतं. ती ओळखायला पाळीच्या आधी आणि पाळीनंतर फुंकून बघावं लागतं. आणि डॉक्टरांनी विचारावं लागतं, काम काय करता? त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगावं. कोणत्या जिनिंगवर, कोणत्या खडी केंद्रावर, किती वर्षं. बिसिनोसिस आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हे दोन्ही कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहेत. म्हणून जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणि केसपेपर टाकून देऊ नयेत.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन उतरणं असेल तर आधी थुंकी आणि एक्स-रे. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी टीबीचे जंतू आहेत का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हे काही तासांत सांगते. ट्रूनॅटचं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. ही तपासणी आणि टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. फुप्फुसाचं बारीक चित्र हवंच असेल तर सीटी स्कॅन. त्यात किरणांचा मारा साध्या एक्स-रेपेक्षा कित्येक पट असतो, पण गरज असेल तेव्हा तो टाळूही नये.

मग छातीसाठी एमआरआय कधीच नको का? तसं नाही. फुप्फुसाच्या अगदी टोकावरचा कॅन्सर खांद्याकडच्या नसांत किंवा मणक्यात शिरला आहे का, हे एमआरआय सीटीपेक्षा चांगलं सांगतो. सिलिकोसिसमध्ये फुप्फुसात गोळे तयार होतात. तो गोळा धुळीचा की कॅन्सरचा, या कोड्यातही त्याची मदत होते. टीबी मणक्यात उतरला असेल, पाठ सतत दुखते, पायांत मुंग्या येतात, तिथे तर एमआरआय लवकर काढलेला बरा. उशीर झाला तर पाय जाऊ शकतात. ज्या मुलांना वारंवार चित्रं काढावी लागतात त्यांना किरणांपासून वाचवायला मोठ्या केंद्रांत फुप्फुसाचा एमआरआय करतात. परदेशात झेनॉन नावाचा वायू श्वासातून देऊन हवा फुप्फुसात कुठे पोचते तेही बघतात. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. ही सोय मोजक्या केंद्रांपुरती आहे, आपल्याकडच्या नेहमीच्या एमआरआयचा तिच्याशी संबंध नाही.

तेव्हा कुणी एमआरआय लिहून दिला तर एवढंच विचारा : यात काय शोधायचं आहे, आणि ते सापडलं तर औषध बदलणार का? विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या निःशुल्क आहेत. म्हणून खासगी सेंटरची चिठ्ठी हातात पडली तरी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार मंजूर झाले असतील तर त्यांना लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा.

एमआरआय ठरलाच, तर दम लागणाऱ्या रुग्णाने आधीच सांगावं की आडवं झोपवत नाही, श्वास पंधरा-वीस सेकंद रोखवत नाही. आत आवाज मोठा असतो, पण कान नीट झाकलेले असतील तर इजा होत नाही. धोका आहे तो चुंबकाचा, आणि चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतं. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाईक रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर ओढलं, त्यासोबत तोही ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. आपला रुग्ण ऑक्सिजनवर असेल तर सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर दारापुढे नेऊ नका, कुणी 'चला, काही होत नाही' म्हटलं तरी. टेक्निशियन सांगेल तेच आत जाईल. बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टी पिना, नथ, चाप, चिल्लर, तंबाखू-चुन्याची डबी, मोबाईल बाहेर काढून ठेवा. पेसमेकर, डोक्यातल्या ऑपरेशनची क्लिप, हाडातला रॉड असेल तर आधी सांगा. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का तेही सांगावं. तो कण वर्षानुवर्षं गप्प बसलेला असतो, पण चुंबकापुढे हलू शकतो.