रक्तगट जुळला, मग क्रॉसमॅच कशाला?

बोरिवली काय किंवा मुलुंड काय, डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘रक्तगट जुळलाय, बाकीच्या तपासण्या म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी.’ रक्तगट ही पहिली पायरी झाली. पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात आणि दात्याच्या खुणांविरुद्ध रुग्णाच्या रक्तात आधीच अँटिबॉडी असतील, तर नवी किडनी टेबलावरच काळी पडू शकते. अशा अँटिबॉडी आहेत का हे पाहणारी तपासणी म्हणजे क्रॉसमॅच; त्या सापडल्या तर तो पॉझिटिव्ह. पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी १९६९ साली छापलेले आकडे पुरेसे बोलके आहेत: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच निकामी झाल्या, निगेटिव्ह असताना बसवलेल्या १९५ पैकी फक्त ८.

‘दाता घरचाच आहे, मग भीती कसली?’ हा दुसरा समज. नवरा बायकोला किडनी देतो तिथे तर विशेष जपावं लागतं. गरोदरपणात बाळामार्फत नवऱ्याच्या एचएलए खुणांशी बायकोच्या शरीराची ओळख झालेली असते. गर्भपात झाला असला तरीही. त्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं टिकू शकतात. म्हणून बाळंतपणं किती, गर्भपात झाला होता का, हे लॅबवाले विचारतात तेव्हा सासूबाईंसमोर संकोचून उत्तर टाळू नये. रक्त चढवल्यानेही अँटिबॉडी तयार होतात, त्यामुळे प्रत्यारोपणाच्या वाटेवरच्या रुग्णाला हिमोग्लोबिनसाठी शक्यतो इंजेक्शनं देतात, बाटली नाईलाज झाला तरच.

तपासणी होते कशी? जुन्या सीडीसी पद्धतीत दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट पेशी छोट्या खाचांच्या ट्रेमध्ये ठेवून त्यावर रुग्णाचं सीरम घालतात, मग सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट, शेवटी रंग. अँटिबॉडीने मारलेल्या पेशी रंग शोषतात, जिवंत पेशी लखलखत राहतात. तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्यांचं प्रमाण ठरवतो. फ्लो सायटोमेट्री त्याहून बारकाईने पाहते. ल्युमिनेक्समध्ये तर पेशीच लागत नाहीत. रंगीत सूक्ष्म मण्यांवर एकेक एचएलए खूण चिकटवलेली असते, आणि अँटिबॉडी नेमकी कोणत्या खुणेविरुद्ध आहे ते कळतं.

मग महागडी ल्युमिनेक्स केली की झालं? नाही. रिपोर्टमधला एमएफआय आकडा, म्हणजे मण्यांच्या चमकेचं माप, साखरेच्या रिपोर्टसारखा वाचू नये. अंधेरीच्या लॅबचा आकडा घाटकोपरच्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवून निष्कर्ष काढणं फसवं, कारण प्रत्येक लॅबची मर्यादारेषा वेगळी. मण्यावर चिकटवताना खुणेचा आकार बिघडला तर नसलेली अँटिबॉडी दिसते. उलट अँटिबॉडी फार जास्त असली की कधी आकडा खोटाच कमी येतो, म्हणून सीरम पातळ करून पुन्हा तपासतात. सीडीसीलाही रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या निरुपद्रवी अँटिबॉडी फसवतात. दोन-तीन पद्धतींचे निकाल आणि रुग्णाचा पूर्वेतिहास एकत्र ठेवूनच निर्णय होतो. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरवून मिळालेल्या सल्ल्यांना माझ्या लेखी काही किंमत नाही.

निगेटिव्ह रिपोर्ट फाइलीत लावून निर्धास्त राहणंही चूक. तो त्या दिवशीच्या सीरमचा असतो. मध्ये रक्त चढलं तर चित्र पालटू शकतं, म्हणून शस्त्रक्रियेच्या तोंडावर ताजं सीरम मागतात.

मेंदूमृत दात्याच्या वेळी घड्याळाशी झुंज असते. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडच्या रुग्णालयात हृदय आणून प्रत्यारोपण झालं. काढलेलं हृदय साधारण चार तासच टिकतं, आणि पेशींवरच्या क्रॉसमॅचलाही काही तास लागतात. अशा वेळी व्हर्च्युअल क्रॉसमॅच उपयोगी पडतो: रुग्णाच्या अँटिबॉडींची यादी आधीपासून तयार असली, तर दात्याच्या एचएलए खुणा तिच्याशी ताडून पाहता येतात. अर्थात ती यादी जुनी असेल तर उपयोग नाही.

आणि क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. प्लाझ्माफेरेसिस (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव काढून टाकणं) आणि औषधांनी अँटिबॉडी काही रुग्णांत कमी करता येतात, पण खर्च मोठा आणि हमी नाही. स्वॅपचा मार्गही आहे: दोन कुटुंबांनी आपापल्या दात्यांची अदलाबदल करायची. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने त्याला मान्यता दिली आहे. तेव्हा पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडला, तर नेफ्रॉलॉजिस्टना स्वॅपबद्दल त्याच भेटीत विचारावं.