एका चित्रातील दोन क्षण

मुलांनो, मॉरिशसमधील कितीतरी मराठी घरांच्या कपाटांत जुन्या व्हिडिओ फिती जपून ठेवलेल्या असतात. कोणाच्या लग्नाची, कोणाच्या बारशाची, तर कोणाच्या घरच्या गणेशचतुर्थीची. 1990 नंतरच्या काळात कॅमकॉर्डरने घेतलेले हे चित्रण आहे. त्यांतील काही आजी-आजोबा आज आपल्यात नाहीत; त्यांचे चालणे-बोलणे मात्र फितीवर आहे. पण फीत कायम टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते. म्हणून ते चित्रण वेळीच संगणकात उतरवून घ्यावे.

संगणकावर ते पाहताना मात्र एक नवल दिसते. झाकरी नाचणाऱ्यांच्या हातापायांच्या कडांना फणीसारखे आडवे दाते फुटलेले असतात. मागची देवळाची भिंत स्वच्छ असते. फीत बिघडली, असे पुष्कळांना वाटते. पण फीत बिघडली असती, तर भिंतीवरही रेघा उमटल्या असत्या. मग जे हलते, तेथेच दाते का दिसतात?

याचे उत्तर जुन्या दूरचित्रवाणी संचात आहे. त्याच्या काचेवर चित्र एकेका आडव्या ओळीने रेखले जाई. आपल्याकडील पद्धतीत एका चित्राच्या 625 ओळी असत. त्यांपैकी 576 ओळींत प्रत्यक्ष चित्र असे. सेकंदाला 25 चित्रे येत. परंतु काच सेकंदाला 25 वेळाच उजळली, तर चित्र लुकलुकते. 50 पूर्ण चित्रे पाठवावीत, तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागते. तंत्रज्ञांनी मधला मार्ग काढला. प्रत्येक चित्राचे दोन भाग केले. एका भागात एक आड एक ओळी, दुसऱ्या भागात राहिलेल्या ओळी. अशी 50 अर्धचित्रे एकामागून एक दाखवली, की डोळ्यांना लुकलुक जाणवत नसे.

कॅमकॉर्डरही असेच चित्रण करी. पहिल्या अर्धचित्रानंतर दुसरे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने घेतले जाई. नाचणाऱ्याचा हात सेकंदाला 2 मीटर वेगाने फिरत असेल, तर तेवढ्या वेळात तो 4 सेंटीमीटर पुढे जातो. जुना संच ही अर्धचित्रे पाठोपाठ दाखवी. संगणक मात्र दोन्ही भाग एकत्र करून एकदम दाखवतो. म्हणून हात दोन ठिकाणी दिसतो आणि दाते उमटतात. भिंत हलत नाही. म्हणून तिला दाते नाहीत.

हे वहीत करून पाहा. रेघी पानावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीत एकाखाली एक उभी छोटी रेघ काढा. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीत तीच रेघ दोन बोटे उजवीकडे काढा. पान थोडे दूर धरा. दाते दिसतील.

आता उपाय पाहू. व्हीएलसी या मोफत कार्यक्रमात ‘व्हिडिओ’ या यादीत ‘डीइंटरलेस’ हा पर्याय असतो. तो चालू करावा. त्यात निरनिराळ्या रीती आहेत. एक रीत अर्ध्या ओळी टाकून देते; दाते जातात, पण बारकावाही जातो. दुसरी दोन्ही भाग एकमेकांत मिसळते. मग हलणाऱ्या हाताची सावली दिसते. ‘यॅडिफ 2एक्स’ ही रीत प्रत्येक अर्धचित्रापासून एक पूर्ण चित्र तयार करते. त्यामुळे सेकंदाला 50 चित्रे मिळतात आणि नाच पूर्वीसारखा सहज दिसतो. हालचाल पुढे-मागे हिसके देऊ लागली, तर अर्धचित्रांचा क्रम उलटा लागला आहे असे समजावे व तो बदलावा.

एक गोष्ट विसरू नका. दाते काढण्यापूर्वी चित्राची उंची कमी-जास्त करू नका. तसे केले, तर दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पुढे त्या वेगळ्या करता येत नाहीत. फितीवरून उतरवलेली मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी. सुधारणा तिच्या नकलेवर कराव्यात.

चित्रण पाहताना घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. कोण कोठे उभे आहे, हे विचारून त्यांची नावे लिहून ठेवा. चित्र स्वच्छ करण्याचे काम संगणक करील. माणसे ओळखण्याचे काम आजच करायला हवे.