मुंबईची पोलीस भरती : उमेदवार लाखांत, शिपाई अपुरे

महाराष्ट्रात २०२२-२३ मध्ये झालेल्या पोलीस भरतीत १८,३३१ पदांसाठी सुमारे १८ लाख अर्ज आले, म्हणजे एका पदामागे जवळपास शंभर उमेदवार उभे होते, आणि या पदांपैकी आठ हजारांहून अधिक पदे एकट्या मुंबईतील पोलीस शिपाई व चालक यांची होती. ही भरती मार्गी लागलेली असतानाच, जुलै २०२३ मध्ये, मुंबई पोलीस दलात शिपायांची सुमारे दहा हजार पदे रिक्त असल्याचे कारण देऊन राज्याच्या गृह विभागाने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान अकरा महिन्यांसाठी घेण्यास मान्यता दिली. दारात लाखोंची रांग आणि घरात माणसांचा तुटवडा, अशी ही विसंगत स्थिती कशातून निर्माण होते हे पाहिल्याशिवाय मुंबईच्या सुरक्षेविषयी चालणाऱ्या राजकीय वादांचा नीट अर्थ लागत नाही.

मुळात मुंबईचे पोलीस मुंबई महानगरपालिकेचे नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्याचा विषय असून मुंबईचे पोलीस आयुक्त राज्याच्या गृह विभागाला उत्तरदायी असतात. पालिकेच्या अर्थसंकल्पात पोलिसांच्या पगाराची तरतूद नसते आणि महापौरांना एका शिपायाचीही नेमणूक करता येत नाही. अमेरिकेतील डलास शहराशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. तेथे उमेदवार मिळणे व टिकणे हीच अडचण असून नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत दुरुस्ती करून किमान चार हजार पोलीस ठेवण्याचे बंधन शहरावरच घातले. मुंबईकर मतदाराला असा थेट मार्ग उपलब्ध नाही. पालिका निवडणुकीच्या सभांत सुरक्षेवर कितीही बोलले गेले, तरी शहरातील पोलीस ठाण्यांत किती माणसे असावीत हे मंत्रालयात ठरते, आणि तेथे मुंबईची मागणी साऱ्या राज्याच्या मागणीबरोबर एकाच फायलीतून पुढे सरकते.

या फायलीचा प्रवास दीर्घ असतो. प्रत्येक घटकाची ‘मंजूर पदसंख्या’, म्हणजे शासनाने वेतनासह मान्य केलेली पदे, ठरलेली असते. निवृत्ती, पदोन्नती, मृत्यू व बदली यांमुळे त्यांतील पदे रिकामी होत जातात. रिक्त पदांचा हिशेब पोलीस महासंचालक कार्यालयाकडे जातो, तेथून गृह विभागाकडे, आणि खर्चाच्या मान्यतेसाठी वित्त विभागाकडे. त्यासोबत ‘बिंदुनामावली’ तपासून घ्यावी लागते. कोणत्या क्रमांकाचे पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे हे दाखविणारी ही नोंदवही असून ती प्रमाणित झाल्याखेरीज जाहिरात काढता येत नाही. पदे मात्र दर महिन्याला रिकामी होतात, आणि भरती काही वर्षांचा अनुशेष साचल्यावर एकदम होते. त्यामुळे भरती जाहीर होते तेव्हा आकडा भव्य दिसतो व त्याचे श्रेय घेता येते, परंतु तो आकडा बहुतांशी आधीच्या वर्षांत न झालेल्या भरतीचा असतो, ही गोष्ट श्रेयाच्या घोषणांत बुडून जाते.

२०२० नंतरची वर्षे या दृष्टीने बोलकी आहेत. कोरोनाच्या साथीत महसूल आटल्यामुळे मे २०२० मध्ये वित्त विभागाने आरोग्याशी संबंधित खाती वगळता नव्या भरतीवर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने अपवाद करून १२,५३८ पोलीस पदे भरण्यास मान्यता दिली. पण त्याच्या आठवडाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिलेली असल्याने, हा प्रश्न सुटेपर्यंत भरती करू नये अशी मागणी लगेच पुढे आली. ग्रामीण महाराष्ट्रात पोलीस शिपाई हे बारावी उत्तीर्ण तरुणाला मिळू शकणाऱ्या मोजक्या स्थिर सरकारी पदांपैकी एक असल्यामुळे, प्रवर्गांतील वाटपाचा प्रत्येक वाद या भरतीवर येऊन आदळतो. त्यात अन्याय्य असे काही नाही. मात्र त्या विलंबाचा भार उमेदवारांबरोबर पोलीस ठाण्यांतील उपलब्ध माणसांवरही पडतो, आणि त्यांची बाजू मांडणारा कोणी नसतो. पोलिसांना कामगार संघटनेसारखी संघटना नाही; ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबई पोलिसांचे बंड लष्कर बोलावून मोडून काढण्यात आले तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताही गेली.

भरतीची पद्धतही स्थिर राहिलेली नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचा मृत्यू झाल्यावर अंतर कमी करण्याचा निर्णय घ्यावा लागला, आणि आता पुरुषांसाठी ते १,६०० मीटर आहे. २०१९ मध्ये लेखी परीक्षा आधी व मैदानी चाचणी नंतर असा क्रम करण्यात आला, तर २०२२ मध्ये तो पुन्हा उलटला : आधी धावणे व गोळाफेक यांची ५० गुणांची चाचणी, मग त्यातून एका पदामागे दहा याप्रमाणे निवडलेल्या उमेदवारांची १०० गुणांची लेखी परीक्षा. नियम बदलला की भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या गावोगावच्या अकादम्यांचे वेळापत्रक बदलते, आणि दोन-दोन वर्षे तयारी करणाऱ्या मुलामुलींचे वय वाढत जाते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना अर्जात स्वतंत्र पर्याय देण्यास शासनाला भाग पाडले, हा या साऱ्या गुंतागुंतीतील एक समाधानकारक बदल म्हटला पाहिजे.

निवड झाल्यावरही शिपाई लगेच रस्त्यावर येत नाही. त्याला मरोळ, खंडाळा, तुरची, जालना, अकोला अशा ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्रांत सुमारे नऊ महिने घालवावे लागतात, आणि या केंद्रांची क्षमता मर्यादित असल्याने एकदम झालेल्या मोठ्या भरतीतील तुकड्या टप्प्याटप्प्याने पाठवाव्या लागतात. सुरक्षा महामंडळाचे जवान घेण्याच्या जुलै २०२३ च्या निर्णयामागील शासकीय स्पष्टीकरण हेच होते की नवे शिपाई प्रशिक्षण घेऊन येईपर्यंतची पोकळी भरायची आहे. विरोधकांनी त्याला कंत्राटी पोलीस भरती म्हटले. तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, महामंडळ शासनाचेच असून ही कंत्राटी भरती नव्हे, असे उत्तर दिले. दोन्ही बाजूंनी शब्दावर भर दिला, कामाच्या स्वरूपावर कमी. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या महामंडळाचे जवान इमारती व आस्थापना यांचे रक्षण करतात. गुन्ह्याचा तपास हे त्यांचे काम नव्हे. पहाऱ्यावरील शिपाई त्यांच्यामुळे मोकळा होऊ शकतो, एवढाच त्यांचा खरा उपयोग, आणि पोलीस ठाण्यातील तपासाचा अनुशेष त्यांच्याकडून कमी होणे शक्य नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेला बाह्यस्रोतांद्वारे पदे भरण्याचा व्यापक शासन निर्णय ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, यावरून ‘कंत्राटी’ हा शब्द राज्यात किती ज्वालाग्राही झाला होता याची कल्पना येते.

तुटवड्याचा परिणाम मोजायचा तर आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग पाहावा. पूर्वापार बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालणारे काम आठ तासांच्या तीन पाळ्यांत बसविण्याचा आराखडा एका शिपायाने मांडला, तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात राबवून पाहिला आणि १ जानेवारी २०१८ पासून शहरातील सर्व ठाण्यांना लागू केला. गणित साधे आहे : प्रत्येक पाळीत तितकीच माणसे हवी असतील तर तीन पाळ्यांना दोन पाळ्यांच्या दीडपट मनुष्यबळ लागते. ते वाढले नाही, आणि बंदोबस्त मात्र ठरलेला असतो. गणेश विसर्जन, दहीहंडी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसमुदाय, ३१ डिसेंबरची रात्र, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आझाद मैदानावर मराठा आंदोलनाने केले तसे अनपेक्षित मुक्काम. अशा दिवसांत आठ तासांची ड्युटी आणि साप्ताहिक सुट्टी या दोन्ही गोष्टी कागदावर उरतात. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले असून सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. तपासाचा दर्जा सुधारण्यासाठी हे बदल योग्यच आहेत, पण प्रत्येक गुन्ह्यामागे लागणारे तास त्यांनी वाढविले आहेत.

उपलब्ध साधने कोणासाठी वापरली जातात, हा प्रश्न संख्येइतकाच राजकीय आहे. डिसेंबर २०२२ मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले की महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून मुंबई पोलिसांसाठी घेतलेल्या बोलेरो गाड्यांपैकी काही सत्ताधारी गटातील आमदार-खासदारांच्या ‘वाय प्लस’ संरक्षणासाठी दिल्या गेल्या होत्या. अशा संरक्षणात गाडीबरोबर शस्त्रधारी पोलीसही गुंततात, आणि गाडी परत करणे जितके सोपे तितके माणसे परत मिळणे सोपे नसते. दृश्य साधनांकडे राजकारणाचा ओढा स्वाभाविकच असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत सीसीटीव्हीचे जाळे उभे राहिले आणि २०१६ मध्ये साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे कार्यान्वित झाले. त्यांचा उपयोग निर्विवाद आहे, तथापि पडद्यावर दिसलेल्या घटनेपर्यंत पोहोचायला बीट मार्शल, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणारा शिपाईच लागतो.

आणखी एक बाब भरतीच्या चर्चेत क्वचित येते, ती म्हणजे निवास. मुंबईसाठी निवडले जाणारे अनेक तरुण पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ येथील असतात. शिपायाच्या पगारात शहरात घर घेणे अशक्यप्राय असल्याने ते दूरच्या उपनगरांतून प्रवास करतात अथवा काही वर्षांनी आपल्या जिल्ह्यात बदली मागतात. अशी प्रत्येक बदली मुंबईत एक नवे रिक्त पद निर्माण करते. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत राहणाऱ्या पोलिसांना पुनर्विकासात मालकीचे घर द्यायचे ठरले तेव्हा आधी ५० लाख रुपये सांगितलेली किंमत ओरड झाल्यावर १५ लाखांपर्यंत खाली आणावी लागली. त्या चाळींबाहेरच्या हजारो शिपायांना ही योजना लागू नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या सुमारे १५ हजार पदांच्या नव्या भरतीतून जे मुंबईत येतील, त्यांच्यापुढेही सरकारी वसाहतीतील खोलीची प्रतीक्षायादी किंवा भाड्याची खोली हे दोनच पर्याय असतील.