आसन कोणाच्या मापाचं?

दंडासन म्हणजे पाय सरळ, पाठ ताठ आणि तळवे कमरेशेजारी जमिनीवर. आता गंमत बघा. ज्याचे हात धडाच्या मानाने आखूड, त्याचे तळवे टेकतच नाहीत. टेकवायला गेला की पाठ वाकते. ज्याचे हात लांब, त्याची कोपरं वाकतात. दोघांनाही सांगतात, 'सराव करा.' अहो, सरावाने हाडाची लांबी बदलते का? पहिल्याच्या तळव्यांखाली लाकडी विटा ठेवा, दुसऱ्याला घोंगडीच्या जाड घडीवर बसवा. झालं.

पद्मासनाचं प्रकरण मात्र नाजूक. मांडी बाहेर वळते ती खुब्याच्या सांध्यात, आणि त्या खोबणीची ठेवण माणसागणिक वेगळी. खुबा वळला नाही की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्यातली कूर्चा एकदा फाटली की सहजी भरून येत नाही. तेव्हा गुडघ्यात कळ आली की पाय सोडायचा, बैठक उंच करायची आणि साधी मांडी घालायची. यात कमीपणा कसला?

'पण हे शास्त्राला धरून आहे का?' असं हमखास विचारतात. पतंजलींनी आसनाला तीनच सूत्रं दिली. पहिल्यात मागितलं काय, तर स्थैर्य आणि सुख. आसनाचं नाव एकही नाही. नावं येतात व्यासभाष्यात, आणि त्या यादीत 'सोपाश्रय' आहे, म्हणजे आधार घेऊन बसणं. वाचस्पतिमिश्र तिथे योगपट्टक सांगतात, बांधायचा पट्टा! पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, लोड वापरायला शिकवलं, ते काही परंपरेबाहेरचं नव्हे. आणि भाष्यातल्या यादीच्या शेवटी शब्द आहे 'यथासुख'.