एक बेरीज : कारखान्यांची सामायिक हिशेबकचेरी

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाटेंत कोळगांव लागतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा निराळा झाला, आणि २०२१ सालीं या कोळगांवांत त्याचें मुख्यालय उघडलें. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक यांच्या कचेऱ्या आतां एकाच आवारांत आहेत. जव्हार-मोखाड्याहून कामासाठीं येणाऱ्या माणसाची दारोदारची पायपीट निदान तेवढी वांचली. त्याच रस्त्यानें पुढें गेलें कीं तारापूरची औद्योगिक वसाहत. मोठ्या कंपन्यांच्या बाबतींत तेथें कित्येकदां उलट दिसतें : कारखाना येथें, आणि त्याचा जमाखर्च पाहणारी मंडळी मुंबईस, पुण्यास, क्वचित् त्याहूनहि दूर. अनेक कारखान्यांचे हिशेब एकाच ठिकाणीं ठेवण्याच्या या पद्धतीला व्यापारी जगांत ‘शेअर्ड सर्व्हिसेस’ म्हणतात. आपण तिला सामायिक हिशेबकचेरी म्हणूं. तिचा लाभ कोणता आणि तिची किंमत कोण देतो, एवढाच आज माझा विषय आहे.

ही युक्ति परदेशांतून आली अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९८० नंतर अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांनीं तिला आजचें रूप दिलें, हें खरें. परंतु तिचें मर्म पुण्याच्या पेशवे दरबारास ठाऊक होतें. फडणिसाच्या देखरेखीखालीं तेथें हुजूर दफ्तर चाले. त्यांत ‘एक बेरीज’ नांवाचें दफ्तर असे. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथें जमा होत आणि त्यांवरून साऱ्या राज्याची जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे तयार होत. त्यांस तर्जुमे म्हणत. नांवच पाहा किती बोलकें आहे! पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती इजाऱ्यानें देण्याची चाल पडली. ठरीव रक्कम हातीं आली कीं महालांत काय चाललें आहे हें पाहण्याची गरज कोणाला? दफ्तराची हेळसांड झाली, आणि कागद वाटेल त्यानें घेऊन जावे अशी स्थिति आली.

आजच्या कचेरीचा लाभ सांगतांना पगाराची बचत प्रथम सांगितली जाते. दहा ठिकाणीं निरनिराळे हिशेबनीस ठेवण्यापेक्षां एके ठिकाणीं थोडकीं माणसें पुरतात, हें कोणालाहि समजतें. माझ्या मतें हा लाभ सर्वांत किरकोळ. समजा, एका कंपनीचा एक कारखाना तारापूरला व दुसरा वापीस आहे. तारापूरच्या चालू खात्यांत दोन कोटि रुपये स्वस्थ पडले आहेत. चालू खात्यावर बँक व्याज देत नाहीं. वापीचा कारखाना तेवढीच रक्कम दुसऱ्या बँकेकडून शेंकडा दहा दरानें उचलतो. दोन्ही व्यवस्थापक हुशार, दोन्ही वह्या बिनचूक; तरी वर्षभर असेंच चाललें तर वीस लाख रुपये व्याजापायीं जातात, आणि ही नुकसानी कोणत्याच वहींत नुकसानी म्हणून दिसत नाहीं. दोन्ही वह्या एका मेजावर आल्या म्हणजे ती दिसते.

खरेदीचेंहि तसेंच. एकच पुरवठादार येथें एका नांवानें, तेथें दुसऱ्या नांवानें नोंदलेला असतो, आणि एकाच रसायनाचे भाव दोन असतात. यादी एक झाली कीं भाव एकत्र ठरवितां येतो, आणि एकाच बीजकाचे पैसे दोनदां जाण्याचा धोकाहि कमी होतो.

आतां किंमत कोण देतो तें पाहूं. कल्पना करा कीं बोईसरचा एक लहान कारखानदार मोठ्या कारखान्यास शंभर पिंपें पुरवितो. पैसे मिळण्यापूर्वीं तीन कागद जुळावे लागतात : खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बीजक. फाटकावरच्या कारकुनानें घाईंत अठ्ठ्याण्णव लिहिलें. हिशेबनीस त्याच आवारांत असता तर तो उठून गोदामांत जाता, पिंपें मोजता, आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागता. दूरच्या कचेरींतील माणसाला पिंपें दिसत नाहींत, आंकडे दिसतात. ते जुळत नाहींत, म्हणून बीजक परत. तक्रार करावी तर क्रमांक मिळतो, माणूस मिळत नाहीं. महिना जातो, इकडे कामगारांचा पगार ठरल्या दिवशीं द्यावाच लागतो. कंपनीनें जो वेळ वांचविला तो यानें आपल्या पदरचा भरलेला असतो, आणि तो कोणाच्याच बेरजेंत येत नाहीं.

कायद्यानें त्याची बाजू थोडीफार सांवरली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या अधिनियमाप्रमाणें सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें व्याज, तेंहि महिनेवारी चक्रवाढीनें. २०२३ च्या वित्त अधिनियमानें आणखी एक पेंच बसविला : मुदतींत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत आयकरासाठीं खर्चांत धरतां येत नाहीं. लहान कारखानदाराची निकड त्यामुळें मोठ्या कंपनीचीहि झाली.

हे दिवस मोजावयाचे ते बीजक कचेरींत मंजूर झाल्यापासून नव्हेत, माल पोंचल्यापासून. मालाविषयीं हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी कळविली पाहिजे. म्हणजे घड्याळ सुरू होतें तें तारापूरच्या फाटकावर, आणि मुंबईच्या कचेरीला तें फाटकावरच्या कारकुनाच्या नोंदीवांचून दिसत नाहीं. माझी सूचना एवढीच : हिशेब खुशाल दूर न्यावे, परंतु मोजणारा माणूस येथेंच ठेवावा, नोंद त्याच दिवशीं व्हावी, चुकलेला आंकडा दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला असावा, आणि त्याचा दूरध्वनि क्रमांक खरेदीच्या ऑर्डरीवर छापावा.