अडलेला संगणक आणि त्याचा दुभाषी

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आतां पुष्कळ घरांत संगणक आहे. एखाद्या दिवशीं ग्राफिक्स कार्डाचा अथवा वाय-फायच्या जोडणीचा नवा ‘ड्रायव्हर’ घातला जातो आणि यंत्र पुन्हां सुरू करतांच बिघाडाचा पडदा उभा राहतो. घरांतील मंडळी घाबरतात व ‘सगळें पुसून नव्यानें भरा’ असें सांगून मोकळी होतात. मुलांचे निबंध, दुकानाचे हिशेब, गेलेल्या वडील माणसांचीं छायाचित्रें त्यांत नाहक जातात. वस्तुतः बहुधा संग्रह शाबूतच असतो. अडलेली असते ती केवळ सुरुवात.

हें समजण्यास कल्याण जंक्शनचा दृष्टांत पुरेसा आहे. तेथें एक मार्ग कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे फुटतो. डब्यांतील उतारू आजारी पडला, तर त्यास उतरवून गाडी पुढें जाते. परंतु सांधे बदलणाऱ्या केबिनींतच घोटाळा झाला, तर गाड्या थांबविणें हेंच शहाणपणाचें. संगणकांतील लेखनाचा कार्यक्रम हा उतारू होय. ड्रायव्हर हा यंत्राचे अवयव आणि विंडोज यांमधील दुभाषी. तो पुष्कळदां केबिनींत बसतो. त्यानें स्मृतींतील भलत्या जागीं हात घातला, कीं अधिक हानि टळावी म्हणून विंडोज स्वतःच थांबते.

१९ जुलै २०२४ रोजीं जगानें हेंच पाहिलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीनें भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं आपल्या ड्रायव्हरसाठीं एक सदोष फाइल पाठविली. तिनें एकविसावें मूल्य तपासावयास सांगितलें. हातीं मूल्यें होतीं २०. फाइल ७८ मिनिटांत मागें घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें ८५ लक्ष संगणक अडले. मुंबईच्या विमानतळावरही कांहीं कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हातानें करावी लागली. उपाय मात्र लहानसा होता: संगणक ‘सेफ मोड’मध्यें सुरू करून ती एक फाइल काढणें.

घरचा उपायही त्याच जातीचा. बाहेरून जोडलेलें नवें उपकरण प्रथम काढावें. सुरुवात दोन-तीनदां फसली, कीं विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथें ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमानें जाऊन ‘रिस्टार्ट’ करावें व ४ ची कळ दाबावी. या ‘सेफ मोड’मध्यें केवळ अत्यावश्यक दुभाषीच कामावर असतात. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्यें तें उपकरण निवडून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करावें. ती सोय नसल्यास ड्रायव्हर काढून टाकावा. एवढेंही न साधल्यास ‘सिस्टिम रिस्टोर’ आहे. त्यानें स्वतःच्या फाइलींस धक्का लागत नाहीं.

दोन गोष्टी मात्र आधींच कराव्या. ‘बिटलॉकर’ चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी, आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर असावी. ज्याच्या घरीं या दोन वस्तू आहेत, त्यास बिघाडाच्या पडद्यापुढें घाईनें निर्णय घेण्याचें कारण उरत नाहीं.