लगामाआधी ऐकणारं जनावर

पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघाली, की वाटेत आपल्या बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या पारगाव घुमऱ्याला तिचं गोल रिंगण होतं, आणि त्या दिवशी रानात माणसांचं कडं इतकं दाट धरलेलं असतं की मागं उभ्या राहिलेल्या माणसाला घोडा दिसत नाही, नुसत्या टापा ऐकू येतात. तिकडं आळंदीहून येणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात तर दोन घोडे असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरदारांच्या घरचे, पार चालत आलेले. एकावर जरीपटका घेतलेला स्वार बसतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी ठेवतात, कारण तिच्यावर माउली बसलेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आता बघा, हा मोकळ्या पाठीचा घोडा लाखांच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात स्वाराच्या घोड्यासंगं वर्तुळ धरून दौडतो, लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला झेपावतात, आणि एवढ्या गलक्यात ते जनावर आपला फेरा सोडत नाही. त्याला कोण धरून ठेवतं?

घोड्याचं नवल म्हटलं की लोक त्याचा वेग सांगतात. वेग खराच आहे, पण काळवीटही पळतं आणि चित्ताही पळतो. माझ्या मते घोड्याचं खरं नवल त्याच्या ऐकण्यात आहे, आणि तेही नुसत्या कानानं नव्हे, तर डोळ्यानं, कातड्यानं, सगळ्या अंगानं ऐकण्यात.

त्याचं कारण फार जुनं आहे. घोडं हे मूळचं उघड्या माळावरचं, कळपात राहणारं आणि कुणाच्या तरी तोंडचा घास होऊ शकणारं जनावर. शिंगं नाहीत, वाघासारखे सुळे नाहीत, लपायला बीळ नाही. अशा जनावरानं जगायचं कसं, तर शेजाऱ्याचं अंग वाचून. कळपातल्या एकानं चरता चरता मान वर केली, कान टवकारले, की बाकीच्यांनी वाघ बघायला थांबायचं नाही, त्याचे कान बघूनच उधळायचं. जे बघत बसले त्यांची शिंगरं पुढं राहिली नाहीत, आणि जे आधी पळाले त्यांचाच वंश आज आपल्या दारात बांधलेला आहे. म्हणून तर त्याचा एकेक कान दहा-दहा स्नायूंवर पाहिजे तिकडं वळतो, एक पुढं असताना दुसरा मागच्या माणसाकडं लावता येतो. डोळा म्हणाल तर जमिनीवरच्या जनावरांत सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं मान न वळवता त्याला जवळजवळ सगळं भोवताल दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी नाकासमोरचं आणि अगदी शेपटीमागचं. कातड्याचं तर विचारूच नका. माशी बसली की नेमकी तेवढीच जागा थरथरते, बाकी अंग स्वस्थ. ज्या अंगाला माशीचं बसणं कळतं, त्याला पाठीवरच्या माणसाची मांडी आवळली की सैल पडली हे कळायला कितीसा वेळ लागणार!

आता तुम्हाला समुद्रापलीकडं नेतो. नेदरलँड्समध्ये फ्रिसलँड नावाचा हिरवा, ओला, सखल मुलूख आहे, आणि तिथला फ्रिजियन घोडा म्हणजे काळाभोर रंग, मानेवर लोंबती दाट आयाळ, खुरांवर लांब केसांची झालर आणि गुडघे उंच उचलत टाकलेली दुडकी चाल. तिकडच्या घोड्यांच्या स्पर्धांत असे चार घोडे एका गाडीला जुंपतात, दोन पुढं, दोन मागं. आधी मोकळ्या मैदानात ठरलेल्या आकृती काढत डौलानं चालवायचं, मग रानातल्या अडथळ्यांतून, ओढ्या-नाल्यांतून भरधाव न्यायचं, आणि शेवटी शंकूंच्या जोड्यांमधून गाडी काढायची. शंकूंमधलं अंतर चाकांपेक्षा थोडंसंच जास्त, आणि प्रत्येक शंकूच्या टोकावर एक चेंडू ठेवलेला. चाक घासलं, चेंडू पडला, की तीन गुणांचा दंड. मागं गाडीवर दोन मदतनीस उभे असतात, ते वळणावर आपलं अंग झोकून तोल सांभाळतात, म्हणजे माणसं तीन आणि जनावरं चार, असा तो सातांचा मेळ.

तुम्ही कधी बैलगाडी वळवली असेल तर हे चौघांचं काम किती अवघड आहे हे लगेच ध्यानात येईल. वळण डावीकडं असलं तर उजवीकडच्या घोड्याला वाट लांब पडते, त्यानं पाऊल मोठं टाकायचं, डावीकडच्यानं आखडतं घ्यायचं. पुढची जोडी आधी वळणार, पण धुरेची जोडी त्याच क्षणी वळली तर गाडी शंकूवर जाणार, म्हणून तिनं अंमळ सरळ चालून मग वळायचं. हे सगळं एका माणसाच्या हातातल्या चार लगामांवर. पण नुसत्या लगामांनी हे होत नाही. घोडे एकमेकांच्या खांद्याचा अंदाज घेतात, मागचे पुढच्यांचे कान बघतात, आणि महिनोन् महिने एकत्र चालून त्यांची पावलं दिंडीतल्या टाळकऱ्यांसारखी आपसूक एका ठेक्यात पडायला लागतात. जो कळप लांडग्याला भिऊन एकदम वळायचा, तोच कळप इथं गाडीला जुंपलेला आहे. फक्त आता त्यानं एक माणूसही आपल्यात धरलाय.

माणसाला तो किती बारकाईनं वाचतो, त्याची एक खरी हकीकत आहे. जर्मनीत बर्लिनला फॉन ऑस्टन नावाचे एक म्हातारे गणिताचे मास्तर होते. त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्याला चार वर्षं लेकरासारखं शिकवलं. तीन अधिक चार किती म्हटलं की हान्स पुढच्या पायानं सात वेळा आपटायचा आणि थांबायचा. लोकांची ही गर्दी लोटली. 1904 साली मोठमोठ्या जाणकारांची समिती बसली, तिला कुठंच लबाडी सापडली नाही, आणि लबाडी नव्हतीच, म्हातारबुवा अगदी सरळ माणूस. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या संशोधकानं चिकाटीनं एकेक गोष्ट तपासली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, की हान्स चुकायचा. विचारणारा नजरेआड गेला, की चुकायचा. म्हणजे हान्स आकडे मोजतच नव्हता. तो माणसाकडं बघत पाय आपटत राहायचा, आणि बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत केसभर हलायची, अंगातला ताण सुटायचा, तेवढं पाहून हा थांबायचा. गंमत म्हणजे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पुरती आवरेना! पुष्कळ लोक म्हणाले, गेली घोड्याची अब्रू. मला तर उलट वाटतं. पाढे तर पोरंही शिकतात, पण समितीतल्या एवढ्या शहाण्यांना जी हालचाल दिसली नाही, ती या जनावराला रोज दिसत होती.

स्वीडनमध्ये 2009 साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना घोडा घेऊन एकाच वाटेनं पुन्हा पुन्हा चालायला, काहींना स्वार होऊन जायला सांगितलं, आणि शेवटच्या खेपेला बजावलं, की आता बाजूचा माणूस फटकन छत्री उघडणार. छत्री कुणी उघडलीच नाही. पण माणूस मनात धास्तावला, त्याच्या काळजाचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं त्या घोड्याचेही वाढले. आपले जुने टांगेवाले सांगायचेच, की मालक घाबरला की घोडं बुजतं.

फ्रिजियनकडं पुन्हा येतो, कारण त्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे. 1879 मध्ये त्यांची वंशावळीची नोंदवही सुरू झाली, आणि तरीही शेतकरी जास्त वजनदार घोड्यांच्या मागं लागले तसा हा वंश आटत गेला, इतका की 1913 साली नोंदवहीत पैदाशीचे नर उरले फक्त तीन. तेव्हा तिथल्याच काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जात वाचवायचं मनावर घेतलं. आज जगभरच्या मैदानांत झळकणारे काळे घोडे हा त्या मूठभर जनावरांचा विस्तार आहे. त्याची किंमतही ती जात मोजते आहे. फार जवळच्या रक्तामुळं काही शिंगरं खुजी निपजतात, काहींच्या डोक्यात पाणी साठतं. म्हणून कुठल्या घोडीला कुठला घोडा द्यायचा, हे तिथं आता फार जपून ठरवतात.

आणि आपल्याकडं? आष्टीच्या कडेनं वाहणारी सीना पुढं भीमेला मिळते, आणि त्या भीमेच्या थडीवरचं काटक, ठेंगणं भीमथडी घोडं हे मराठ्यांच्या फौजेचं पाऊल होतं. 10 ऑगस्ट 1763 ला गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला गाठलं. गोदावरीला पूर, निजाम आधीच पलीकडच्या काठावर उतरलेला, आणि अलीकडं अडकलेली त्याची फौज दिवाण विठ्ठल सुंदरासकट मारली गेली, ती त्याला नुसती बघावी लागली. भर पावसाळ्यात दमवणाऱ्या मजला मारत मराठ्यांचं घोडदळ तिथवर पोचलं होतं. हजारो घोडी एका इशाऱ्यावर वळणारी! फौजा गेल्या, आणि मग हा वंश धनगरांनी सांभाळला. आजही मेंढरांच्या मागं बिऱ्हाड, वाघर, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं पाठीवर घेऊन जाणारं तट्टू तुम्हाला रस्त्याला दिसतं, त्याला बहुतेक वेळा कुणी ओढत नसतं, ते कळपाच्या चालीनं आपलं आपण चालतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडंच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, देशातली घोड्याची आठवी. फ्रिसलँडच्या शेतकऱ्यांना तीन नर उरेपर्यंत जाग आली नव्हती. आपल्याला त्याच्या किती तरी आधी आली आहे, आणि हे बिऱ्हाडवाल्या धनगरांचं देणं आहे असं मी मानतो.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाला जत्रा भरते, परळी-गंगाखेडच्या वाटेनं आपल्याकडून ती काही फार लांब नाही, आणि तिथला घोड्यांचा बाजार जरूर बघा. लोक गळ्याखालचा देवमण बघतील, भोवरे मोजतील, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी शोधतील. बघू द्या. तुम्ही कान बघा. पुढं टवकारलेले असतील तर त्याला तुमचं कुतूहल आहे, मागं चपटे दाबलेले असतील तर दोन पावलं मागं सरा. थेट नाकासमोरून जाऊ नका, शेपटीकडून तर मुळीच नको, खांद्याच्या बाजूनं, काही तरी बोलत जा, आणि जाण्याआधी एक लांब श्वास सोडा, कारण तुम्ही पोचायच्या आत तुमची धास्ती त्याच्यापर्यंत पोचलेली असते.